दोन तक्रारी, एक अर्ज: इंदूरमधल्या एका नाकारलेल्या प्रवेशाचं प्रकरण

कॉलेज प्रवेशाच्या पहिल्या यादीत मुलीचं नाव का आलं नाही, याचं कारण पोर्टलवर लिहिलेलं होतं. एका ओळीचा शेरा: ‘अंकसूची एवं मूल निवासी में नाम भिन्न, मूल निवासी अमान्य.’ म्हणजे मार्कशीटवरचं नाव आणि मूल निवासीच्या, अर्थात राज्याची रहिवासी असल्याच्या, दाखल्यावरचं नाव वेगळं, म्हणून तो दाखला बाद. घरात तो कोणी धड वाचलाच नव्हता. वडिलांनी यादी वर-खाली केली, आपल्या मुलीपेक्षा कमी टक्क्यांच्या मुलींची नावं पाहिली आणि मनाशी पक्कं केलं की जातीचा दाखला मानला नाही म्हणूनच हे झालं. रातोरात बसून त्यांनी दोन पानी अर्ज लिहून काढला.

त्या दोन पानांमुळेच हे प्रकरण लिहावंसं वाटलं. अर्जात दोन तक्रारी होत्या. एक जातीच्या दाखल्याची: मनाला खोल लागलेली, पावणेदोन पानं व्यापणारी, आणि कायद्यापुढे न टिकणारी. दुसरी मूल निवासीच्या दाखल्याची: शेवटी चार ओळींत उरकलेली, आणि जिंकता येण्याजोगी. दोन्ही एकाच कागदावर गेल्या असत्या तर पहिलीनं दुसरीला बुडवलं असतं. अपिलाचे अर्ज फसतात ते बरेचदा असे: मुद्दा असतो, पण तो ज्याच्याशी जुंपलेला असतो तो त्याला खाली ओढतो.

प्रकरण २०२५ च्या प्रवेशांतलं. मुलीचं नाव देत नाही, कॉलेजांचीही नाही.

घर आणि कागद

वडील भुसावळकडचे. पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आले, इथेच संसार मांडला, दोन्ही मुलं इथेच जन्मली. घर द्वारकापुरीत. मुलगी सीबीएसईची बारावी झालेली. तिला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी करायचं होतं. घर अनुसूचित जातीचं, पण दाखला वडिलांच्या नावाचा, जळगाव जिल्ह्यातून काढलेला.

शाळेत नाव घालताना आपल्या रीतीनं घातलं: मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर तीच तीन पदं, आधारवरही तीच. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा ओळख क्रमांक, मात्र झोन कार्यालयातल्या ऑपरेटरनं भरला. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यानं नाव आणि आडनाव एका रकान्यात टाकलं आणि वडिलांचं नाव त्यांच्या वेगळ्या रकान्यात. मूल निवासीचा दाखला निघाला तो समग्रच्या नोंदीवरून, म्हणून त्यावर दोनच पदं आली आणि पुढे ‘पुत्री श्री’ अमुक. खोटं कुठेच काही नाही. तीच मुलगी, तोच बाप, तीच जन्मतारीख. इंदूर-ग्वाल्हेरच्या कुठल्याही मराठी घरातली फाइल उघडा, हा घोळ सापडतोच. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये दर उन्हाळ्यात मुलांचे फॉर्म भरायला बसतो, तेव्हा मी आधी गुण विचारत नाही. सगळे कागद टेबलावर एकाखाली एक मांडतो आणि नुसती नावं वाचतो.

आता ही प्रक्रिया कशी चालते ते थोडक्यात. मध्य प्रदेशात पदवीचे बहुतेक प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरून होतात. नोंदणी, कागद अपलोड, सत्यापन, पर्याय भरणं, यादी, शुल्क. आणि सगळ्या फेऱ्या झाल्या की उरलेल्या जागांसाठी सीएलसी, म्हणजे कॉलेज पातळीवरची फेरी. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की कागदांचं सत्यापन करणारं मदत केंद्र एक असतं आणि मुलीनं मागितलेलं कॉलेज दुसरं. तो एक ओळीचा शेरा मदत केंद्रातल्या, ड्युटी लागलेल्या कोणा प्राध्यापकानं मारलेला होता. तिनं मागितलेल्या कॉलेजांनी तिला नाकारलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत ती मूल निवासी म्हणून पोचलीच नव्हती. दाखला अमान्य झाल्यावर ती राज्याबाहेरची ठरली, आणि राज्याबाहेरच्यांचा नंबर राज्यातल्यांनंतर. खुल्या प्रवर्गातल्या शेवटच्या मूल निवासी मुलीपेक्षा हिचे गुण जास्त होते, तरी यादीत नाव नाही, ते एवढ्यासाठी.

वडील अर्ज घेऊन निघाले होते ते पहिल्या पसंतीच्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे. तिथे त्यांना चहा मिळाला असता, सहानुभूतीही मिळाली असती. शेरा मात्र तसाच राहिला असता, कारण तो पुसणं त्या प्राचार्यांच्या हातात नव्हतं.

जातीच्या दाखल्याची तक्रार

‘बऱ्हाणपूर ओलांडलं की जात पुसली जाते का, सर?’ वडिलांनी हे विचारलं तेव्हा आवाज चढलेला होता, आणि त्यात गैर काही नव्हतं. माणसाला इकडेतिकडे जो अनुभव यायचा तो राज्याची हद्द बघून येत नाही. पण कायदा काय म्हणतो तेही त्यांना स्पष्ट सांगणं भाग होतं.

मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधल्या प्रवेशावरून १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं दिलेला निकाल या बाबतीत पाया मानला जातो. प्रसंग याच घरासारखा: वडिलांच्या नोकरीपायी आंध्र प्रदेशातून मुंबईत आलेला मुलगा, हातात आंध्रातला अनुसूचित जमातीचा दाखला, आणि महाराष्ट्रातल्या राखीव जागेवर हक्क. न्यायालयानं तो मानला नाही. घटनेच्या ३४१ आणि ३४२ कलमांत या याद्या ‘त्या राज्याच्या संबंधात’ जाहीर होतात. एका राज्यात जमातीला किंवा जातीला जी झळ बसते तीच दुसऱ्या राज्यात तशीच बसते असं गृहीत धरता येत नाही, असा त्यातला युक्तिवाद. १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या घटनापीठात हीच भूमिका कायम राहिली. जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असलं तरी फरक पडत नाही.

मला हा नियम इथे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत कठोर वाटतो. ज्या पोरीनं भुसावळ फक्त मामाच्या गावी जाताना पाहिलं, तिचं मूळ राज्य महाराष्ट्र कसं, हा प्रश्न रास्त आहे. तो संसदेत विचारावा, घटनापीठापुढे विचारावा. मदत केंद्रातल्या प्राध्यापकाला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि त्यानं जातीचा दाखला नाकारला तो नियमानं नाकारला.

त्या दाखल्याची किंमत शून्य झाली असं मात्र नाही. केंद्राच्या संस्थांत आणि केंद्राच्या नोकऱ्यांत तो चालतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या फेब्रुवारी १९८५ च्या परिपत्रकानुसार, वडिलांचा मूळ राज्यातला खरा दाखला दाखवला की मुलांना राहत्या राज्यातला अधिकारी प्रमाणपत्र देऊ शकतो. लाभ मात्र राहत्या राज्याचे मिळत नाहीत. म्हणजे इंदूरच्या सरकारी कॉलेजात ही मुलगी राखीव जागा मागू शकत नाही, पण इंदूरच्याच आयआयटीत मागू शकते. वडिलांना हे कोणी सांगितलेलंच नव्हतं.

हा मुद्दा अर्जातून काढायला मी सांगितलं, ते केवळ तो हरणारा आहे म्हणून नव्हे. हरणारा मुद्दा निरुपद्रवी असता तर राहू दिला असता. पण पहिल्या पानावर ‘आम्ही मूळचे महाराष्ट्रातले, दाखला जळगावचा’ आणि दुसऱ्या पानावर ‘मुलगी मध्य प्रदेशची मूल निवासी’, हे वाचल्यावर समोरचा बाबू काय म्हणणार? ‘महाराष्ट्र के हो, तो मूल निवासी कैसे?’ कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: जातीच्या यादीसाठी घराण्याचं मूळ राज्य पाहतात, मूल निवासीसाठी जन्म, शिक्षण आणि वास्तव्य. पण अर्ज वाचणाऱ्याकडे त्या दिवशी ढीगभर अर्ज असतात. त्याला शंका घ्यायला आपणच जागा करून द्यायची कशाला?

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मुलगीच म्हणाली, ‘पप्पा, ते दुसरं पान आधी घेऊ या ना.’

एका पानाचा अर्ज

नवा अर्ज हिंदीत लिहिला. फाइलवरची टिपणं हिंदीत होतात. अर्जातलीच वाक्यं उचलून टिपण लिहिता आलं तर बाबूचं काम हलकं होतं आणि आपलंही.

विषयात ‘प्रवेश मिळण्याबाबत’ लिहिलं नाही. प्रवेश देणं मदत केंद्राच्या हातात नाहीच. हातात आहे तो शेरा. म्हणून विषय एवढाच: सत्यापनातल्या टिप्पणीच्या निराकरणाबाबत. खाली अर्ज क्रमांक, शेरा जसाच्या तसा अवतरणात, मग नियम. प्रवेश पुस्तिकेत मूल निवासीसाठी काय मागितलं आहे? सक्षम अधिकाऱ्यानं दिलेला दाखला. तो दिलेला आहे, क्रमांक हा, तारीख ही. मार्कशीटवरच्या आणि दाखल्यावरच्या नावातलं अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे अशी अट पुस्तिकेत कुठेच नाही. मुलीनं पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती, म्हणून हे वाक्य ठामपणे लिहिता आलं. अशी वाक्यं ऐकीव माहितीवर लिहू नयेत. खोडून काढायला सगळ्यात सोपी तीच असतात.

मग एकच व्यक्ती असल्याचा पुरावा. दाखल्यावर वडिलांचं नाव आहे, मार्कशीटवरही वडिलांच्या रकान्यात तेच आहे, आणि मुलीच्या नावातलं मधलं पद म्हणजे तेच नाव. समग्र नोंदीतली जन्मतारीख आणि दहावीच्या मार्कशीटवरची जन्मतारीख एकच. सोबत आधार, आणि दोन्ही नावं एकाच मुलीची असल्याचं नोटरी केलेलं शपथपत्र. शपथपत्राशिवायही भागलं असतं, पण कचेरीत शिक्का बघितला की माणसं जरा सैलावतात.

मागणी दोन वाक्यांत: टिप्पणी काढून पुढच्या यादीत मूल निवासी म्हणून विचार व्हावा, आणि तसं करता येत नसेल तर कोणत्या नियमानं, ते लेखी कळवावं. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. तोंडी नकाराविरुद्ध पुढे कुठे जाता येत नाही.

वडिलांच्या मसुद्यातून काय गेलं ते सांगतो, कारण तिथेच घासाघीस झाली. आईचं आजारपण गेलं. आजोबांनी रेल्वेत केलेली हमाली गेली. ‘मानवीयता के आधार पर’ गेलं. माणुसकीवर मागितलं की ती मेहरबानी होते, आणि मेहरबानी नाकारायला कारण द्यावं लागत नाही. कमी गुणांच्या तीन मुलींची नावं त्यांनी नावानिशी लिहिली होती, ती तर आधी काढली. त्या कोणत्या प्रवर्गातून आल्या, त्यांना कसला अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळाला, आपल्याला ठाऊक नाही. आणि दुसऱ्याच्या पोरींची नावं आपल्या भांडणात ओढणं बरं दिसत नाही. यादीतला खुल्या प्रवर्गाचा शेवटचा टक्का जाहीर होता, तेवढा पुरला.

‘तारीख निकल गई’

मदत केंद्राच्या खिडकीवर उत्तर तयार होतं: त्रुटी-सुधाराची तारीख गेली, आता सीएलसीत या. कागद घ्यायलाही नकार. सगळं ऑनलाइन आहे म्हणे.

इथे हे प्रकरण संपलं असतं. वाचलं ते एका निव्वळ योगायोगानं. सुधाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी मुलीनं मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला होता, ‘तुझं झालं का गं? माझं अजून असंच दाखवतंय’ म्हणून. त्यात सत्यापनासमोर ‘लंबित’, म्हणजे प्रलंबित, असं स्पष्ट दिसत होतं, आणि संदेशावर तारीख-वेळ होती. म्हणजे शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत शेरा पडलेलाच नव्हता. जी त्रुटी दाखवलीच नाही ती मुदतीत सुधारायची कशी? तिच्या मोबाइलवर कसला एसएमएसही आलेला नव्हता. तो संदेश मैत्रिणीच्या फोनवरही असल्यामुळे तर पुरावा आणखी भक्कम; आपणच बनवला असं म्हणता येईना.

हा मुद्दा अर्जाला जोडला, स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट काढली आणि अर्ज तीन वाटांनी गेला: मदत केंद्राच्या प्राचार्यांच्या अधिकृत ई-मेलवर, जीपीओतून स्पीड पोस्टानं, आणि हातोहात. हातोहात द्यायला खिडकीऐवजी आवक-जावक विभागात गेलं तर घेतात. तिथल्या बाईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली, आपल्या प्रतीवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला. तो क्रमांक पुढे प्रत्येक कागदावर लिहीत गेलो.

वडिलांनी त्याआधीच १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर तक्रार टाकलेली होती, अर्थात जातीच्या दाखल्याची. तिथून फोन यायला लागले: तुमचं समाधान झालं का, तक्रार बंद करायची का? १८१ वाईट नाही. नळाला पाणी नाही, पेन्शन अडकली, अशा कामांना तिचा धाक पडतो, आणि तक्रार वरच्या पातळीवर चढत जाते याची खालच्यांना काळजी असते. पण नियमाचा अर्थ लावायचा असेल तिथे तिचा उपयोग मर्यादित. त्यात तक्रार भलत्याच मुद्द्यावर नोंदवलेली. ती त्यांनी स्वतःहून मागे घेतली, म्हणजे दोन ठिकाणी दोन कहाण्या राहिल्या नाहीत.

त्याच दिवशी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेही तक्रार नोंदवली. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, यासंबंधीचे विनियम एप्रिल २०२३ मध्ये आले. त्यांत ‘विद्यार्थी’ म्हणजे प्रवेश घेतलेलाच नव्हे, प्रवेश मागणाराही. जाहीर प्रवेश धोरणानुसार मिळायला हवा तो प्रवेश नाकारणं, प्रक्रियेतली अनियमितता, हे सगळं ‘तक्रार’ या व्याख्येत बसतं. समितीवर अध्यक्षासह ज्येष्ठ प्राध्यापक असतात, किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी प्रवर्गातला सदस्य असावा लागतो. विद्यार्थी स्वतः जाऊ शकतो किंवा प्रतिनिधी पाठवू शकतो. समितीनं शक्यतो १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालानं ३० दिवसांत निकाल लावायचा.

हे वेळापत्रक वाचतानाच कळतं की समिती ही पहिली धाव नव्हे. प्रवेशाच्या फेऱ्या आठवड्याच्या हिशोबानं संपतात. समितीचे १५ कामकाजी दिवस मोजेपर्यंत दुसरी यादी लागून शुल्क भरून झालेलं असतं. तरी तक्रार त्याच दिवशी नोंदवायची. पुढे कुठेही जायची वेळ आली तर पहिला प्रश्न येतो तो हाच की तुम्ही गप्प किती दिवस बसलात.

वडिलांच्या तोंडी सतत एक निकाल होता. ‘सुप्रीम कोर्टानं त्या मुलाला दिलीच ना सीट!’ म्हणजे सप्टेंबर २०२४ मधला आयआयटी धनबादचा निकाल. रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाला १७,५०० रुपये वेळेत जमवता जमवता मुदत काही क्षणांनी हुकली, आणि न्यायालयानं त्या मुलासाठी जादा जागा निर्माण करून प्रवेश द्यायला लावला. निकाल खरा, आणि वाचताना गळा दाटून येतो असा. पण तो कलम १४२ खाली दिलेला आहे. पूर्ण न्याय देण्यासाठीचा तो विशेष अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. इंदूरच्या एमजी रोडवरच्या खंडपीठालाही नाही, मग प्राचार्यांचं काय घेऊन बसलात. त्या मुलालाही तिथवर पोचायला आयोग, विधी सेवा, उच्च न्यायालय अशी वणवण करावी लागली होती.

आपल्या कामाचा निकाल त्यापेक्षा डिसेंबर २०१९ चा, वैद्यकीय प्रवेशांबद्दलचा. त्यात न्यायालय काय पाहतं ते उघड होतं: गुणवत्ता असूनही बेकायदा नाकारलं का, उमेदवाराची स्वतःची चूक होती का, आणि तो तातडीनं आला का. हे प्रश्न मी न्यायालयासाठी राखून ठेवत नाही. प्राचार्यांना लिहिलेला अर्जसुद्धा यांची उत्तरं देत असला पाहिजे. या अर्जात तिन्ही होती. वडिलांच्या पहिल्या मसुद्यात एकही नव्हतं.

हातातली जागा

अपील चालू असताना हातात काहीच नसणं धोक्याचं. एका खाजगी कॉलेजात वडिलांनी जागा घेऊन ठेवली होती, पहिल्या हप्त्याचं शुल्क भरलं होतं. मुलीला ते पटत नव्हतं. तिला वाटत होतं की दुसरीकडे शुल्क भरलं म्हणजे आपण माघार घेतली असं होईल. तसं काही होत नाही, आणि अर्जात ते सांगायचंही कारण नाही.

मात्र तिथे मूळ कागद अडकवून ठेवले होते, मार्कशीटसकट. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेनं मूळ प्रमाणपत्रं तपासायची आणि परत करायची, ठेवून घ्यायची नाहीत. शुल्काचंही त्यात कोष्टक आहे: जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी जागा सोडली तर पूर्ण शुल्क परत, त्यातून प्रक्रियेपोटी फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच, त्याहून उशिरा पण तारखेआधी सोडली तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, मग ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढे काही नाही. अधिसूचनेची प्रत घेऊन गेल्यावर मार्कशीट त्याच दुपारी मिळाली. पैशांना वेळ लागला; आले ते कापून आले, पण आले.

निकाल

चार दिवसांनी मदत केंद्रातून मुलीच्या मोबाइलवर फोन आला. मूळ कागद घेऊन या. बोलावलं होतं प्राचार्यांनी, शेरा मारणाऱ्यांनी नव्हे. त्यांनी दोन्ही नावं वाचली, वडिलांच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि स्क्रीनशॉटवर थोडं थांबले. मग पोर्टलवरचा अर्ज पुन्हा खुला करण्यासाठी विभागाला पत्र गेलं. पत्रात अर्जातलीच दोन वाक्यं होती, जवळजवळ शब्दशः. सत्यापन झालं, दुसऱ्या यादीत नाव आलं.

आलं ते दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजात. पहिल्या पसंतीच्या ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्राच्या जागा पहिल्या यादीतच भरून गेल्या होत्या. वडिलांना आता लढायचं होतं: शेरा चुकीचा होता हे त्यांनीच मान्य केलं, मग पहिल्या यादीतली जागा आमचीच होती की नाही?

मुद्दा बिनतोड आहे, आणि समितीपुढे, मग लोकपालापुढे तो मांडता आला असता. रिट याचिकाही करता आली असती. पण काय मागायचं? भरलेल्या जागेवरून दुसरी मुलगी उठवा असं कोणी मागू नये आणि कोणी देणारही नाही. मागायची ती जादा जागा, आणि तिला विद्यापीठ, विभाग सगळ्यांची संमती. त्यासाठी वकील, आणि वर्ग सुरू झालेले असताना मुलीचे दोन-तीन महिने टांगणीवर. दोन कॉलेजांतला फरक एवढा मोठा होता का? माझ्या मते नव्हता. विषय तोच, विद्यापीठ तेच, प्रयोगशाळा दुसऱ्या ठिकाणची किंचित बरी. मेडिकलची जागा असती तर मी वेगळा सल्ला दिला असता. पण ठरवायचं होतं मुलीनं, आणि तिनं शुल्क भरून टाकलं. वडील त्यानंतरही आठवडाभर धुमसत होते.

समितीचं उत्तर वर्ग सुरू झाल्यावर आलं: अर्जदाराला प्रवेश मिळाल्यामुळे तक्रार निकाली काढण्यात येत आहे. शेऱ्याबद्दल अवाक्षर नाही. असं उत्तर मला चीड आणतं. तक्रार प्रवेशाइतकीच प्रक्रियेबद्दल होती. शेवटच्या दिवशी दुपारनंतर पडलेल्या शेऱ्यानं आणखी किती मुलं बाहेर राहिली, हे विचारायचं काम समितीचं होतं. त्या १५ दिवसांत लोकपालाकडे जाता आलं असतं. घरच्यांना ती दगदग नको होती आणि मी आग्रह धरला नाही. त्याऐवजी माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मदत केंद्राला एवढंच विचारायला सांगितलं की सुधाराच्या शेवटच्या दिवशी किती अर्जांवर त्रुटीचे शेरे पडले आणि ते किती वाजता. उत्तर आल्यावर पुढच्या उन्हाळ्यात फॉर्म भरायला येणाऱ्यांना ते दाखवता येईल.

दोन कामं त्या घरानं लगोलग हातात घेतली. समग्रमधलं नाव दुरुस्त करायला टाकलं, मुलीचं आणि धाकट्या भावाचंही. तो नववीत आहे, त्याच्या फॉर्मच्या वेळी हे पुन्हा नको. आणि वडिलांचा जळगावचा दाखला जोडून १९८५ च्या परिपत्रकानुसार मुलीच्या प्रमाणपत्राचा अर्ज मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात दिला. बीएस्सीनंतर ती आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅमची परीक्षा द्यायचं म्हणतेय, तिथे ते प्रमाणपत्र लागेल. या अर्जात मात्र वडिलांचं पहिलं पान जवळजवळ जसंच्या तसं वापरलं: आम्ही मूळचे कुठले, कधी आलो, दाखला कोणाचा, कुठला. आजोबांची हमाली तेवढी पुन्हा वगळली. अर्ज तहसीलदारांकडे गेलाय. जळगावहून पडताळणी यायची आहे.